परसातला माच

“कुणाला विचारून काढलंत हे कुंपण?”

विश्वनाथ देसाई चप्पलही न घालता परसात धावत आले होते. म्हाताऱ्या अक्का शेवटचा खांब गदगदा हलवत होत्या. बाकीचं कुंपण एव्हाना आडवं झालं होतं.

“कुजलं हुतं.”

“मग मला सांगायचं! मी नवं सागवानी बसवणारच होतो. माचसुद्धा.”

देसाई गडहिंग्लजचे जुने ठेकेदार. गावातले निम्मे रस्ते त्यांचे आणि निम्मे खड्डेही. पण अक्कांवर त्यांचा खरा जीव. अक्कांना गुरू मानून त्यांनी परसातली खोली दिली. पुढे बसायला उंच लाकडी माच, भोवती कुंपण, कुंपणाला फाटक आणि फाटकावर दर्शनाच्या वेळेची पाटी.

अक्कांनी खांब उपटून बाजूला टाकला. मग पहार घेऊन त्या माचाकडे वळल्या.

“अक्का, लोक अंगावर येतात. मागं किती आजारी पडलात तुम्ही! हे सगळं तुमच्यासाठीच ना…”

“काल भाजीवाली चांगुणा आलती.”

अक्कांनी पहार जमिनीवर टेकवली.

“लेक गेली तिची. सांगायला आलती. तुझ्या माणसानं फाटकातनं परत धाडली. म्हणं, येळ संपली.”

“…चुकलं त्याचं. चांगली समज देतो त्याला.”

“त्याला कशाला?”

अक्कांनी पहार फळीखाली घातली. खिळे करकरले. एक फळी सुटली. मग दुसरी.

देसाईंचं डोकं फिरलं. ते माचावर चढले आणि उरलेल्या फळ्यांवर पाय रोवून उभे राहिले.

“बघतोच कसा काढता! जागा माझी आहे. देसायांचे गुरू मातीत बसतात, असं उद्या सगळं गाव म्हणेल. माझी काय अब्रू राहील?”

अक्का थांबल्या. पहारीवर टेकून त्यांनी खालून देसाईंकडे बघितलं.

“कुणासाठी बांधला हुतास, त्ये आत्ता दिसलं.”

देसाईंचा चेहरा लाल झाला. डोळे भरून आले, पण पाय हलले नाहीत.

“काही म्हणा. मी उतरणार नाही.”

अक्कांनी पदर खोचला आणि पहार पुन्हा उचलली.

“नगं उतरू. तुझ्या पायाखालनंच काढती.”