दोन्ही हात मांडीवर

सावरटोल्यात एक डॉक्टर होता. शिकलेला होता आणि भोळाही होता. एकाच माणसात दोन्ही कसं मावतं, असं विचारू नका. मावतं.

त्याचं नाव दिगंबर टेंभुर्णे. गाव त्याला दिगू डॉक्टर म्हणे. औषधातलं त्याला चोख कळायचं. रडतं पोर त्याच्या खांद्यावर आलं की गप्प व्हायचं. अडचण एवढीच, की एकदा सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे.

गावच्या दवाखान्यात मुलांचा बारा खाटांचा वॉर्ड होता. तो चालवायच्या डॉ. कुमुद देवतळे. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंचं वय सदुसष्ट, आणि गुडघे त्याहून म्हातारे. बाई गेल्या की वॉर्डाला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या आडगावात मुलांचा डॉक्टर येतो कोण? म्हणून बाईंनी ठरवलं, आपणच एक तयार करायचा, हाताखालच्या दिगूलाच.

नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांच्या आजारांचं दोन वर्षांचं प्रशिक्षण होतं. खेड्यातल्या डॉक्टरांसाठी तिथे एक जागा राखलेली. जागा एक, अर्ज चाळीस, आणि निवड मुलाखतीवर.

"दोन वर्षं मी गुडघ्यांची समजूत काढीन," बाई म्हणाल्या. "त्याहून एक दिवस जास्त नाही. तेव्हा दिगू, ही जागा मिळालीच पाहिजे."

"मिळवतो बाई."

"रोज दुपारी तयारी करू. मी परीक्षक, तू उमेदवार. बस."

दिगू बसला.

"नुकतं जन्मलेलं बाळ आहे. श्वास घेत नाही. निळं पडलंय. काय करशील?"

दिगू उठला आणि पळत सुटला. खडखड करत ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आला. त्याच्यामागून वॉर्डातल्या फुलझेले सिस्टर धावत आल्या, हातात गरम टॉवेल. दिगूनं खोलीभर बघितलं. मग टेबलाखाली वाकून बघितलं.

"बाई, बाळ कुठाय?"

"बाळ नाही रे."

"गेलं?" दिगू मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "अरे, ही मुलाखत आहे. मुलाखतीत काही करायचं नसतं. दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि काय करणार ते तोंडानं सांगायचं. मी आता अमुक करतो, मी आता तमुक करतो. शांतपणे, क्रमानं. समजलं?"

"चुकलं बाई. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

आणि ठेवलं. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आई पाच वर्षांच्या पोराला ओढत घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, याच्या नाकात चिंचोका गेला जी."

दिगू खुर्चीत ताठ बसला. दोन्ही हात मांडीवर.

"मी आता टॉर्च घेतो," तो म्हणाला.

आईनं टॉर्चकडे बघितलं. टॉर्च टेबलावरच होता.

"मी आता नाकपुडीत बघतो. चिंचोका दिसतो. मी आता बारीक आकडी घेतो. चिंचोक्याच्या मागे घालतो. हळूच पुढे ओढतो. निघाला. आई, हा घ्या तुमचा चिंचोका."

आईनं हात पुढे केला. हातावर काहीच पडलं नाही. पोरगं हे सगळं तोंड वासून बघत होतं. त्याला हसू फुटलं, हसता हसता शिंक आली, आणि चिंचोका समोरच्या कॅलेंडरवर जाऊन आपटला.

दुपारपर्यंत गावभर झालं, की दिगू डॉक्टर नुसत्या मंत्रानं चिंचोका काढतो. दुसऱ्या दिवशी दारात नऊ माणसं उभी. एकाची दाढ दुखत होती, दोघांना मूळव्याध होती, आणि एक जण म्हैस घेऊन आला होता.

बाईंनी म्हशीला परत पाठवलं आणि दिगूला बोलावलं. "समोर माणूस आला की तुझं भाषण बंद. हात लावून तपासायचं आणि त्याला विचारायचं. काय होतंय? कधीपासून? घरात आणखी कुणाला आहे का?"

"चुकलं बाई. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

आणि ठेवलं.

बाईंना वाटलं, परीक्षक अनोळखी हवा, तरच सराव होईल. त्यांनी शेजारच्या गावाहून भोयर गुरुजींना बोलावलं. गुरुजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं आपला गृहपाठ राहिलाय. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि गुरुजींनी घसा साफ केला.

"हं. स्वतःबद्दल सांगा."

दिगूनं पुढे वाकून गुरुजींचं मनगट धरलं. नाडी मोजली. "असं विचारावंसं कधीपासून वाटतंय?"

गुरुजी गडबडले. "झाली की छत्तीस वर्षं."

"दिवसभर वाटतं?"

"नाही. शाळेच्या वेळात जास्त."

"घरात आणखी कुणाला आहे?"

गुरुजींनी विचार केला. "थोरल्या भावाला होतं. तो शाळा तपासनीस होता."

"जीभ दाखवा."

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा गुरुजी जीभ बाहेर काढून बसले होते आणि दिगू डोकं हलवत होता.

गुरुजी गेल्यावर बाई म्हणाल्या, "दिगू, त्यांनी तुला विचारलं होतं. असं विचारलं की आपल्याबद्दल सांगायचं. आपला गुण काय, दोष काय, कुठे चुकलो, त्यातून काय शिकलो. अगदी मोकळेपणानं. लाजायचं नाही."

"चुकलं बाई. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

सांगायला नको, ठेवलं.

दोन दिवसांनी एक बाप तापानं फणफणलेली मुलगी घेऊन आला. दिगूनं तिला नीट तपासलं, बरोबर औषध लिहिलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात बापानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, पोरगी बरी होईल ना जी?"

दिगू सावरून बसला. "मी मेहनती आहे," तो म्हणाला. "स्वभाव शांत आहे. दोष म्हणाल, तर कधीकधी गोंधळतो. गेल्या आठवड्यात नसलेल्या बाळासाठी ऑक्सिजन घेऊन धावलो. मग एका पोराच्या नाकातला चिंचोका मी काढलाच नाही, तरी निघाला. परवा एका गुरुजींचा आजार मला सापडला नाही. पण यातून मी शिकतोय. रोज नवीन शिकतोय."

बापानं मुलीला खांद्यावर घेतलं. "मग तुमचं शिकून झालं की येतो," तो म्हणाला आणि चालू लागला.

फुलझेले सिस्टरांनी त्याला एसटी स्टँडवर गाठलं. "अहो भाऊ, परत चला. ते बोलून राहिले तसे, पण औषध बरोबर देतात." बाप परत आला. मुलगी दोन दिवसांत खडखडीत बरी झाली.

बाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "अरे, माणूस घाबरून विचारत असतो. त्याला तुझी कहाणी कशाला? त्याला धीर हवा असतो. पाणी द्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, घाबरू नका, मी आहे ना."

"चुकलं बाई. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

मुलाखतीचा दिवस आला. पहाटेच्या गाडीत बसवताना बाई म्हणाल्या, "दिगू, सांगितलेलं सगळं आठव, म्हणजे झालं."

"बाई, नेमकं तेच नका सांगू," फुलझेले सिस्टर म्हणाल्या. पण गाडी सुटली होती.

नागपुरात लांबलचक टेबलामागे तीन परीक्षक बसले होते. पुढ्यात चिवड्याच्या बशा. मधले सर्वांत मोठे डॉक्टर. ते चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होते.

"स्वतःबद्दल सांगा," एक शेंगदाणा तोंडात टाकत ते म्हणाले.

माणूस विचारतोय म्हणजे घाबरलाय. दिगू उठला. ग्लासात पाणी ओतलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मी आहे ना."

सकाळपासून बावीस उमेदवार मोठ्या डॉक्टरांना घाबरून गेले होते. दिगू शेवटचा, आणि त्यांना धीर देणारा पहिलाच. ते खो खो हसले आणि शेंगदाणा घशात अडकला. आवाज बंद झाला. चेहरा लाल झाला, मग निळा पडू लागला. डावीकडचे परीक्षक उजवीकडच्यांकडे बघायला लागले, उजवीकडचे डावीकडच्यांकडे. दोघंही गेली पंधरा वर्षं मुलाखतीच घेत होते.

दिगूनं एका क्षणात ओळखलं. श्वास नाही, रंग निळा, आणि ही मुलाखत. हा प्रश्न तर पहिल्याच दिवशी झाला होता. तो झटकन आपल्या खुर्चीत जाऊन बसला. दोन्ही हात मांडीवर.

"मी आता यांच्या मागे उभा राहतो," तो शांतपणे म्हणाला. "मी आता दोन्ही हातांनी यांच्या पोटाला विळखा घालतो."

दारातून चहावाले मामा कप घेऊन येत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कोणी हलत नव्हतं. मामांनी ट्रे खाली ठेवला, मोठ्या डॉक्टरांच्या मागे गेले आणि विळखा घातला. "हं, पुढं?"

"मी आता मूठ बेंबीच्या वर ठेवतो. बरगड्यांच्या खाली."

"ठेवली."

"मी आता मूठ आत आणि वर दाबतो. जोरात, झटक्यानं."

मामांनी दाबली. शेंगदाणा सुटला आणि डावीकडच्या परीक्षकांच्या चष्म्याला जाऊन चिकटला.

मोठ्या डॉक्टरांनी श्वास घेतला. दिगूनं ठेवलेलं पाणी प्यायले.

"स्वतः हात न लावता काम करून घेतलं," उजवीकडचे म्हणाले. "आवाजसुद्धा चढला नाही."

"नेतृत्वगुण," डावीकडचे चष्मा पुसत म्हणाले, आणि तसं लिहूनही घेतलं. मामांचं कोणी काही लिहिलं नाही. ते कप ठेवून निघून गेले.

मोठ्या डॉक्टरांनी एक कागद दिगूच्या फाइलवर ठेवला. त्यांचा आवाज अजून बसलेला होता. "जागा तुमची. हा होकाराचा कागद. सही करून आज पाचच्या आत बाजूच्या खोलीत द्या. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाते."

दिगूनं नीट ऐकून घेतलं, काय ते उत्तर दिलं, नमस्कार केला आणि बाहेर पडला.

संध्याकाळी सहाच्या गाडीनं तो उतरला तेव्हा बाई दवाखान्याच्या पायरीवर वाट बघत बसल्या होत्या. शेजारी फुलझेले सिस्टर, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय झालं रे?"

"निवड झाली बाई. पहिला नंबर."

सिस्टरांनी पुड्याची दोरी सोडली. बाईंनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. "ऐकलंत ना? दोनच वर्षं," त्या गुडघ्यांना म्हणाल्या. मग दिगूला म्हणाल्या, "कागदावर सही करून दिलीस ना?"

"तुम्ही शिकवलं तस्सं बाई. मुलाखत होती ना. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि क्रमानं सांगितलं. मी आता पेन घेतो. मी आता सही करतो. मी आता कागद बाजूच्या खोलीत देतो. ते म्हणाले, छान, या."

त्यानं फाइलमधून कागद काढून दाखवला. सहीची जागा कोरी होती.

सिस्टरांनी पुड्याला पुन्हा दोरी बांधली.

"पुढची मुलाखत कधी?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या वर्षी."

"म्हणजे तीन वर्षं."

"चुकलं बाई. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

बाईंनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग ताठ बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"दिगू," त्या शांतपणे, क्रमानं म्हणाल्या, "मी आता उठते. मी आता तुझ्याजवळ येते. मी आता तुझ्या कानाखाली एक देते."

बाई पायरीवरून हलल्या नाहीत. दिगूनं गाल चोळला.