सातभाईंची राखण

पूर्वी सुमेखला नगरीत महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्याच्या पार टोकाला, मोहाच्या वनात, सातभाई पक्षी होऊन जन्माला आला. राजाला त्या पक्ष्यांची खबर नव्हती आणि पक्ष्यांचे राजावाचून काही अडत नव्हते. मातकट रंगाचे ते सात जीव दिवसभर पाचोळा उलथत आणि एवढ्याशा किड्यावरून भांडत. पण त्यांचा एक रिवाज होता. सहा जण खाली चरत असताना सातवा उपाशीपोटी शेंड्यावर बसून राखण करी. सारे ठीक असेल तोवर तो हळू आवाजात गुणगुणत राही, आणि त्या गुणगुणण्याच्या भरवशावर खालचे सहा जण मान खाली घालून खात. मग त्यांतला एखादा वर येई आणि राखणदार खाली उतरे.

त्याच वनात पिंगळ नावाचा व्याध एकटाच राहत होता. एकटे राहण्याची त्याला हौस नव्हती. वस्तीनेच त्याला दूर केले होते. मोहाची फुले गळू लागली की वस्तीतल्या बाया पोरांना सावलीत निजवून फुले वेचीत, आणि कुणीतरी एक झाडावर बसून लांडग्यावर नजर ठेवी. मागच्या वसंतात पिंगळ राखणीला होता. समोरच्या कड्याला मधाचे पोळे दिसले, तोंडाला पाणी सुटले, आणि ‘हा असा आलो’ असे मनाशी म्हणत तो उतरला. तेवढ्यात लांडगा आला. पिंगळच्या वहिनीने, वेळुकेने, आपले बाळ त्याच्या जबड्यातून सोडवले. पण तिच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद मागायची कुणाकडे? वस्तीने त्याला शिव्याही दिल्या नाहीत. त्याला जेवायला बोलावणे तेवढे बंद केले.

पुन्हा वसंत आला. पिंगळला तीन दिवस शिकार मिळाली नव्हती आणि पोटात कावळे ओरडत होते. सातभाई धरायचे तर आधी राखणदार हाती यायला हवा, हे त्याने हेरून ठेवले होते. थवा ओढ्यावर असताना बोधिसत्त्व राखणीसाठी पुढे आला, तो शेंड्यावर लावलेल्या केसांच्या फासात अडकला. पिंगळने त्याचा पाय खालच्या फांदीला बांधला, पाचोळ्यावर वाळवी पसरली आणि जाळे ताणले.

“गुणगुण,” तो म्हणाला. “ते सहा खाली उतरले की तुला सोडीन. ओरडलास तर मान मुरगाळीन.”

भर दुपार होती. मोहाच्या वासाने हवा जड झाली होती. पानांतून गळणारे ऊन पिंगळच्या गुडघ्यांवर हलत होते, आणि आपण जागे आहोत की झोपेत हे त्याला नीट कळत नव्हते. म्हणून पक्षी बोलला तेव्हा त्याला नवल वाटले नाही.

“तूही राखणदार होतास ना?” पक्ष्याने विचारले.

“होतो.”

“मग मला काय करावं लागणार, ते तुला ठाऊकच आहे.”

थवा आला. बोधिसत्त्वाने गळा फाटेस्तोवर हाक दिली, आणि सहाही पक्षी भर्रकन उडून गेले. पिंगळची मूठ त्याच्या मानेभोवती आवळली. मुठीत एक इवलेसे काळीज धडधडत होते.

आणि पळालेले सहाही परत आले. चौघे पिंगळच्या डोक्यावर तुटून पडले. पाचवा थेट त्याच्या मनगटावर बसला आणि त्याने चोचीतली अळी बांधलेल्या पक्ष्याला भरवली. सहावा मात्र त्या गोंधळात मुकाट्याने वर गेला आणि शेंड्यावर राखणीला बसला. पिंगळ त्या सहाव्याकडे बघतच राहिला. त्याची मूठ केव्हा सैल झाली, हे त्याला कळलेही नाही.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” त्याने विचारले. “तुमच्यात ना ऋषी, ना राजा.”

“शिकवणारा कुणी आठवत नाही,” पक्षी म्हणाला. “मी अंड्यात होतो तेव्हा वर कुणीतरी उपाशी बसलं होतं. माझी आई अंड्यात होती तेव्हाही. ज्या थव्यांत कुणी बसलं नाही त्यांची पिल्लं ससाण्यांनी नेली. त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही. उरलो ते सगळे राखणाऱ्यांच्या वंशातले. तूसुद्धा.”

“मग मी का उतरलो?”

“भूकही त्यांच्याकडूनच आली आहे. दोन्ही आपल्याच आहेत, पिंगळा. कुणाचं ऐकायचं ते रोज ठरवावं लागतं.”

पिंगळ लहान मुलासारखा रडला. वर्षभरात तो पहिल्यांदाच रडत होता. मग त्याने दोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो वस्तीच्या मोहाखाली जाऊन उभा राहिला. झाडावर त्याचा थोरला भाऊ होता. पिंगळ म्हणाला, “मला बसू द्या. कुणी बोलावल्याशिवाय उतरणार नाही.” भावाने वेळुकेकडे पाहिले. वेळुकेने आपल्या डाव्या हाताकडे पाहिले आणि बऱ्याच वेळाने होकाराची मान हलवली.

ऊन चढले. समोरच्या कड्याला यंदाही पोळे लागले होते, आणि पिंगळला ते स्पष्ट दिसत होते. तो हळूच गुणगुणू लागला. खाली बायांनी वरचेवर पोरांकडे वळून बघणे थांबवले. दुपारी फांदी हलली. दोन बोटांनी खोड धरत वेळुका वर येत होती.

“उतरा, भाऊजी,” ती म्हणाली. “तुमचं पान वाढून ठेवलंय. आता मी बसते.”

ही कथा सांगून शास्ता विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, “तो पिंगळ म्हणजे आजचा भिक्षू सोमदंत. आजारी सोबत्याची राखण सोडून तो सकाळीच इथे येऊन बसला आहे आणि शील प्रथम कुणी सांगितले, असे विचारतो आहे. वेळुका म्हणजे भिक्षुणी सुगंधा. ते सहा पक्षी म्हणजे तुम्ही सर्व. फासात सापडलेला राखणदार मीच होतो. आपल्यावर कुणी राखण केली हे आठवून दुसऱ्यासाठी वर बसणे, याचेच नाव मैत्री.”

भिक्षूंनी वळून पाहिले. सोमदंताचे आसन रिकामे होते, आणि आजाऱ्याच्या खोलीतून कुणाचे तरी हळू गुणगुणणे ऐकू येत होते.