तीन शास्त्री आणि लाल फुल्या

सोनवडी परगण्याचा कारभारी वारला आणि पाटाच्या पाण्याचं दार बंद पडलं! ते उघडायचं फक्त कारभाऱ्याच्या हुकमाने, असा नियम होता. आणि नवा कारभारी सहा महिने झाले तरी निवडला जात नव्हता. उमेदवार आले शंभर. परीक्षक तीन, धुंडिराजशास्त्री आणि त्यांचे दोन सोबती. तिघांना मिळून एकही माणूस पसंत पडेना. नापास करणं म्हणजेच विद्वत्ता, अशी त्यांची पक्की समजूत होती!

शेवटी पानमळेवाल्या राघूची लेक येसू दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, आमचा पानमळा करपलाय. वेल आठ दिवस बी तग धरायचा न्हाई. दार उघडा!"

राजे भद्रसेन हट्टाला पेटले. "नियम म्हणजे नियम! उद्या दुपारपर्यंत या तिघांना पसंत पडेल असा उमेदवार आण. नाहीतर पाणी विसर!"

शास्त्री मिशीतल्या मिशीत हसले. येसूला त्यांचा असा संताप आला! पण तिने तो गिळला.

"आणते. पण पाटाचं पाणी परगण्यात कसं वाटावं, याचं खरं उत्तर तिघांनी येगयेगळं लिहून द्यावं. त्याबिगर उमेदवारानं शिकायचं कसं?"

शास्त्री फुगलेच! एकाने नक्षत्रांवरून पाणी वाटलं, दुसऱ्याने घराण्यांच्या मानपानावरून. धुंडिराजशास्त्र्यांनी तर चौदा पानांत पाण्याचं नावही येऊ दिलं नाही.

उमेदवाराचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून दरबारचा कारकून प्रत्येक उत्तर स्वतःच्या हाताने उतरून काढी. येसूने ती तिन्ही उत्तरं थेट त्याच्याकडेच दिली.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने उतरलेल्या प्रती शास्त्र्यांपुढे ठेवून येसू म्हणाली, "उत्तरं तपासा. माणसं नंतर दाखवते."

दुसऱ्याचं लिहिणं मन लावून वाचायची त्या तिघांना सवयच नव्हती. पानं भराभर उलटली, लाल शाईच्या फुल्या पडल्या.

"हा मूर्ख!"

"हा अर्धवट!"

"आणि या चौदा पानांच्या गाढवाला तर दारातही उभं करू नये!" धुंडिराजशास्त्री कडाडले.

"तिघेही नापास?" राजाने विचारलं.

"एकमताने!"

"महाराज, आता कारकुनाकडची मूळ पानं मागवा," येसू म्हणाली.

कारकुनाने पानं पुढे ठेवली. राजाने अक्षरं पाहिली, खालच्या सह्या पाहिल्या आणि धुंडिराजशास्त्र्यांकडे पाहिलं. चौदा पानांचं गाढव घाम पुसत होतं!

"मग तूच सांग पोरी, पाणी कसं वाटावं?"

"आधी दार उघडावं, महाराज. मग पाटाच्या शेवटाला ज्याचं रान हाय, त्याच्यापासून सुरुवात करावी. वरच्याला काय, कवाबी मिळतंय."

"हिलाच कारभारी नेमतो!" राजा म्हणाला.

"अन्याय!" धुंडिराजशास्त्री उसळले. "हिने परीक्षा दिलीच नाही!"

"न दिलेली मी एकटीच, शास्त्रीबुवा. देऊन नापास झालेले तुम्ही तिघे!"

राजा इतका हसला की त्याचं पागोटं घसरलं. ते सावरत त्याने कारभाऱ्याचा शिक्का येसूच्या हातात ठेवला, आणि संध्याकाळच्या आत राघूच्या पानमळ्यात पाणी खेळू लागलं.