आईच्या डोळ्यांवरची पट्टी

वसईच्या एका वाडीत, केळीच्या हिरव्या बनापलीकडे, आग्नेला नावाची मुलगी आईबरोबर राहायची. बाबा देवाघरी गेले होते. आई मोगऱ्याचे गजरे करून घर चालवायची. पण तिचे डोळे बिघडले, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांवर पांढरीशुभ्र पट्टी बांधली.

"नाताळच्या आदल्या दिवशी सोडू," त्या म्हणाल्या. "दिसेल की नाही, ते तेव्हाच कळेल. तोवर पट्टीची कड उचलली तरी इजा होईल."

तेव्हापासून घरात एक वेळचीच पेज शिजू लागली. दुपारी आई झोपली की आग्नेलाला वाटे, पट्टी इवलीशी उचलून बघावी. दोनदा तर तिचा हात पुढेही गेला होता.

नाताळात बाळ येशूचा गोठा मांडतात. त्यात कोवळं गवत हवं, म्हणून मुलं आधीच ताटलीत गहू पेरतात. आग्नेलानेही पेरले. पण कोंब आला का, हे बघायला ती रोज माती उकरायची.

"गहू पेरलेस की खजिना पुरलास गं?" शेजारची फिलूमावशी कुंपणावरून म्हणायची. "त्या बिचाऱ्यांना जरा झोपू दे."

सहाव्या दिवशी दाणे काळे पडले. आग्नेला ताटली घेऊन बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर गेली आणि हुंदके देऊ लागली.

तळ्यावर धुकं होतं. एका कमळाच्या पानावर अंगठ्याएवढी परी उभी होती. अंगात हळदीच्या रंगाचा झगा, चतुरासारखे चमचमते पंख आणि कमरेवर दवाची चिमुकली घागर.

"मी देवाच्या बागेत पाणी घालते," परी हळूच म्हणाली. "एक मागणं माग. पण ते स्वतःसाठी नको. आणि देवाने जे अजून झाकून ठेवलंय, ते उघडायला मला सांगायचं नाही."

आईला दिसेल की नाही ते आत्ताच कळावं, हेच तर आग्नेलाला मागायचं होतं. मग तिला आठवलं, संध्याकाळी जपमाळ करताना आईचा आवाज मध्येच अडतो.

"आई अंधाराला घाबरते," ती म्हणाली. "मला सांगत नाही. तिची भीती घालवशील?"

"सगळी मला उचलवणार नाही," परी म्हणाली. "अर्धी तुला घ्यावी लागेल."

"घेते."

परीने घागर कलती केली. एक रुपेरी थेंब आग्नेलाच्या तळहातावर पडला आणि मुरला. हात उबदार झाला. "रोज संध्याकाळी हा हात तिच्या हातात दे," परी म्हणाली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

आग्नेलाने नवे गहू पेरले. त्या संध्याकाळपासून ती आईचा हात धरून प्रार्थनेला बसू लागली. आईचा आवाज पुन्हा अडायचा, पण आता ती थांबून पुढे म्हणायची.

"आई, नाहीच दिसलं तर?" एकदा आग्नेलाने विचारलं.

"तर मी रडेन, बाय," ती म्हणाली. "पण नाताळ तरीही येईल. पहिला नाताळ आला, तेव्हाही लोक अंधारातच बसले होते ना? त्यांना कुठे ठाऊक होतं, बाळ येशू कधी येणार ते."

आग्नेलाने हात घट्ट धरला. माती उकरायचं ती कधी विसरली, हे तिचं तिलाही कळलं नाही. ताटलीत मऊ हिरवं गवत डुलू लागलं.

चोवीस तारखेला सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टीचा एकेक वेढा सोडला. बरोबर आलेल्या फिलूमावशीने क्रूसाची खूण केली. आईने डोळे उघडले.

"धुकंच आहे सगळं," ती म्हणाली.

आग्नेलाने आपला हात आईच्या हातात दिला आणि ती वाट पाहत राहिली.

खिडकीच्या चौकटीवर हळदीचा झगा चमकला. परी मान लववून हसली, तिचे पंख सोनेरी झाले आणि ती सकाळच्या उन्हात मिसळून गेली. ते ऊन खोलीभर पसरलं.

आईने पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. मग आग्नेलाच्या डोक्याकडे बघत तिने कपाळाला आठी घातली.

"बाय, ही वेणी कोणी घातली?" तिचा आवाज थरथरला. "भांग किती वाकडा आहे."