तासलेलं जू

फार पूर्वी शंखपूर नगरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नाव सोमिल. गल्ल्या, विहिरी आणि घरं यांचा कारभार त्याच्याकडे होता.

त्या नगराची एक जुनी रीत होती. दर चैत्रात दोन माणसं बैलगाडीचं जू आडवं धरून, ढोल वाजवत, गल्लीगल्लीतून नेत. जिथे ते अडेल तिथल्या मालकानं आपली भिंत मागे घ्यायची. आग लागली तर पाण्याची गाडी आत जायला हवी, एवढंच त्यामागचं कारण.

पुढे नगर भरलं. कामाच्या आशेनं खेड्यापाड्यांतून माणसं येत राहिली, तट काही वाढेना. मालकांनी ओटे पुढे ओढले, ओट्यांच्या खोल्या केल्या, वर माड्या चढवल्या. एका चैत्रात जू राजाच्या मेहुण्याच्या ओट्याला अडलं. आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? राजानं तोड काढली, जूच चार बोटं तासा.

सोमिल म्हणाला, "महाराज, जू तासता येईल. बैल कसे तासणार?"

राजा हसला. जू तासलं गेलं, आणि नगराला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. पुढच्या चैत्रात पुन्हा तासलं, त्यापुढच्या चैत्रात पुन्हा. शेवटी ते शेळ्यांच्या मानेला शोभेल एवढं उरलं. ढोल मात्र तितकेच जोरात वाजत होते.

सोमिल घरोघर फिरला. मालक ऐकेनात, ते ठीकच. पण भाडेकरूही आडवे आले. भिंत मागे गेली की आमची खोली गेली, मग पोरंबाळं घेऊन तटाबाहेर कोल्ह्यांत राहायचं का, असं ते विचारत, आणि त्यात खोटं काय होतं? तटाच्या आत मोकळी जागा एकच, राजाचं उपवन. तिथे यांना घरं बांधून द्या म्हणून सोमिलनं हात जोडले. माझे मोर कुठे जातील, असं राजानं विचारलं.

तेव्हा सोमिलनं स्वतःचं घर पाडलं. त्या जागेवर आणि परसात दाट पण हवेशीर घरं उठवली. तिथे एकाच गल्लीतली बेघर होणारी माणसं मावणार होती. सगळ्यांत जास्त दाटी विणकरांच्या गल्लीत होती. पण त्याची एकुलती लेक रेवती कासारगल्लीत दिलेली, पाळण्यात बाळ. स्वतःला ठेवलेल्या एका खोलीत माझ्याकडे चल, असं तो तिला म्हणाला. पण सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून ती कशी येणार? मग आधी कासारगल्लीच मोकळी करावी, असं बापाच्या मनात आलं. लेकीनं त्याच्या मनातलं ओळखलं.

"बाबा, विणकरांकडे पोरं जास्त आहेत. आधी त्यांची गल्ली मोकळी करा," ती म्हणाली. "आमची पुढच्या चैत्रात."

तो चैत्र तिच्या वाट्याला आला नाही. वैशाखाच्या भर दुपारी कासारांच्या भट्टीतून ठिणगी उडाली, आणि वारा होता. विणकरगल्लीत गाडी थेट शिरली. तिथलं एकही माणूस दगावलं नाही. कासारगल्लीच्या तोंडाशी बैल अडले. सोमिलनं घागरी उचलल्या, माणसांची रांग लावली. पण त्याच अरुंद तोंडात बाहेर येणारी माणसं एकमेकांवर पडली होती. रेवती, बाळ आणि सासू उंबऱ्याच्या आतच सापडली. सोमिल राखेत बसून मोठ्यानं रडला. अमात्य झाला म्हणून काय झालं, शेवटी बापच.

आणि नगर शहाणं झालं का? छे. पावसाआधी त्याच जोत्यांवर त्याच भिंती उठल्या, खोल्यांना भाडेकरूही मिळाले. चैत्रात तासलेलं जू हार घालून कासारगल्लीतून निघालं आणि कुठेच अडलं नाही. सोमिलनं जुन्या मापाचं जू करून घेतलं आणि तो मागून निघाला. दुसरं टोक धरायला एक विणकर तेवढा आला. पहिल्याच घराशी ते अडलं. मालकानं दार लावून घेतलं. मरेपर्यंत सोमिल दर चैत्रात ते जू घेऊन निघाला. विणकरगल्ली सोडली तर ते कुठेही आत गेलं नाही.

विहारात निजायच्या जागेवरून भांडणाऱ्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "दारातच चटई पसरून वाट अडवणारा तो भिक्षू तेव्हाचा राजा होता. आपली कुटी आजारी बाईला देऊन झाडाखाली राहणारी ती म्हातारी भिक्षुणी रेवती होती. सोमिल मीच होतो. भिक्षूंनो, दान म्हणतात ते हे. त्या दानानं एक गल्ली वाचली. नगर वाचलं नाही."