बेहड्यातली ढोली

फार मागे, झाडांचं बोलणं पाखरांना कळत असे तेव्हा, एका धनेशिणीने बेहड्याच्या झाडातली ढोली घ्यायचं ठरवलं. ढोली विकणारी घोरपड म्हणाली, "पूर्वेचा उजेड, वारा भरपूर. अशी जागा पुन्हा मिळायची नाही, बाई."

सुतारपक्षी म्हणाला, "थांब वहिनी. बुंध्यावर चोच मारून बघतो. पोकळ वाजला तर घेऊ नकोस."

धनेशीण फिसकन हसली. "मला राहायचंय वर. बुंध्याशी माझं काय काम?"

रीतीप्रमाणे ती ढोलीत शिरली आणि आतून चिखलाने दार लिंपून घेतलं. फक्त एक फट ठेवली. शेजारच्या झाडाच्या फांदीवर बसून नवरा त्या फटीतून तिला उंबरं भरवायचा. तिने अंडी घातली. पंखांची पिसं झडली. नवी येईपर्यंत तिला उडता येणार नव्हतं.

एका दुपारी वारा अगदी पडला, तेव्हा पायाखालून आवाज आला. करकर, करकर. कुणीतरी सावकाश जेवत होतं.

"कोण आहे?"

खालून हजार बारीक तोंडं एकदम म्हणाली, "आम्ही वाळवी. मुळं संपली. आता बुंधा घेतलाय."

"घोरपडीला ठाऊक होतं?"

"म्हणून तर तिने ढोली विकली."

धनेशिणीने अंडी पोटाखाली ओढली. तेवढ्यात बाहेरून नवऱ्याची हाक आली.

"अगं, कालपर्यंत या फांदीवरून चोच पोचत होती. आज फट लांब कशी गेली?"