पेटीतला मुका दात

एका संस्थानी नगरात एकदा एक वृद्ध कारागीर राहत असे. घड्याळे आणि किल्लीवर चालणारी वाद्ये दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. सारे त्याला आबा म्हणत. त्याचे दोन शिष्य होते. त्र्यंबक बारा वर्षे त्याच्याजवळ होता. भालचंद्र नंतर आलेला, वयानेही लहान.

नगरातल्या संग्रहालयाला राजवाड्यातून काही जुनी यांत्रिक वाद्ये मिळाली. त्यांत शीळ घालणारा एक पितळी पक्षी होता आणि शंभर वर्षांची एक शिसवी पेटी. किल्ली दिली की पेटीतला रूळ फिरे, त्यावरचे काटे पोलादी फणीच्या दातांना छेडत आणि सूर उमटत. पेटी बंद पडली होती. संग्रहालयाने माणूस मागितला आणि आबांनी भालचंद्राला पाठवले.

त्र्यंबकाला ते फार लागले. "बारा वर्षं मी घासली, आणि मान त्याला!" तो बायकोला म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

पेटी सुरू झाली. दर रविवारी अकरा वाजता रखवालदार तिला किल्ली देई आणि दालन माणसांनी भरून जाई. त्र्यंबकही जाई. गर्दीत डोळे मिटून उभा राही. लोकांना वाटे, केवढा रसिक! तो मात्र चूक शोधत असे.

तिसऱ्या रविवारी ती सापडली. सुरांच्या दाटीत एका जागी सूर उमटतच नव्हता. फणीचा एक दात तुटलेला होता. त्र्यंबक जवळजवळ धावतच आबांकडे आला.

"आबा, एक दात मुका आहे! कुणाला कळलं नाही, मला कळलं. उद्याच अधिकाऱ्यांना जाऊन सांगतो."

आबा म्हणाले, "आठ दिवस थांब. पुढच्या रविवारी मी येतो तुझ्याबरोबर. मग काय सांगायचं ते सांग."

त्या रविवारी आबांनी विचित्रच केले. पेटी वाजू लागताच ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्र्यंबकालाही खांद्याला धरून वळवले.

"आबा, पेटी मागे आहे."

"ठाऊक आहे. तू समोर बघ."

समोर माणसे होती. एका पोस्टमनने टोपी काढून काखेत धरली होती. एका म्हातारीने सुनेचा हात घट्ट पकडला होता. आणि अगदी मागे, खांबाआड, भालचंद्र उभा होता. मुकी जागा जवळ आली तसे त्याने डोळे गच्च मिटले; जणू आता कोणीतरी त्याचे नाव घेऊन ओरडणार होते. जागा निघून गेली. कोणी ओरडले नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर आबा बोलले, "त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. धातू वितळवून नवा दात झाळायला, म्हणजे जोडायला गेला, पण त्या आचेने बाकीचे दात जातील म्हणून भ्याला. माझे हात आता थरथरतात. हे काम येणारा गावात एकच माणूस उरलाय, तो म्हणजे तू. तो दोनदा तुझ्या दारापर्यंत आला आणि तुझा चेहरा बघून परत गेला. तुझा कान खोटा नाही, त्र्यंबक. पण जे ऐकून त्याची झोप उडाली, ते ऐकून तुला आनंद झाला."

त्र्यंबकाने विचारले, "मग मलाच का नाही पाठवलंत?"

"तुला त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. त्याला होतं."

त्र्यंबक उठून आत गेला. त्याला पाहताच भालचंद्र चपापला.

"उद्या दालन बंद असतं ना? फणी सोडवून ठेव," त्र्यंबक म्हणाला. "मी झाळायचं सामान घेऊन येतो. पण नुसता उभा राहू नकोस. अर्धं काम तुझ्या हातून करून घेणार आहे."

सोमवारी दात बसला. पुढच्या रविवारी कोणा पाहुण्याने विचारले, "ही कुणी दुरुस्त केली?" रखवालदार म्हणाला, "भालचंद्राने." त्र्यंबकाला ते जरा लागलेच. ते तो लगेच विसरला, असेही नाही. पण तो जागचा हलला नाही, आणि पहिल्यांदाच ती धून त्याने चूक न शोधता शेवटपर्यंत ऐकली.

दुसऱ्याच्या कामातली उणीव आपल्याला फार स्वच्छ दिसू लागली, तर ती भरून काढण्याची विद्या आपल्यापाशीच आहे का, एवढे आधी पाहावे.